दुसरं नाव

कुताइसीत, रिओनीच्या पुलाअलीकडे,
औषधांच्या दुकानाच्या माडीवर
लामझिराचा कान तपासायचा दवाखाना.
जुन्या संगणकाचा पंखा तीन दिवस कुरकुरला, मग गप्प.
काल नवा आला.
कान मोजायचं यंत्र मात्र तेच,
वीस वर्षांचं, पिवळं पडलेलं,
आणि ते बोलणार फक्त जुन्या विंडोजशी.

म्हणून मी नव्याच्या पोटात जुनं वसवलं.
बाहेरचा यजमान, आतला पाहुणा.
ही नावं माझी नाहीत, मॅन्युअलमध्येच आहेत.
लामझिरा हसली:
"पाहुणा म्हणतोस, आणि रिकाम्या ताटावर बसवतोस?"

रिकामं कसं? डिस्क दिलीय. पडदा दिलाय.
नेटवर्क कार्ड दिलंय,
जे कुठल्याच कारखान्यात बनलेलं नाही.
सगळं खोटं, आणि त्यानं ते मुकाट्यानं खरं मानलंय.
या खोलीत खरी वस्तू एकच,
चार स्क्रू, एक केबल, हेडफोनची जोडी,
आणि नेमकी तीच त्याला दिसत नाही.

केबल काढली, लावली. मागच्या भोकात, पुढच्या भोकात.
यजमानाच्या यादीत यंत्र होतं.
पाहुण्याच्या यादीत पिवळं उद्गारचिन्ह, शेजारी 'अज्ञात उपकरण'.
निदान अज्ञात तरी, मी म्हटलं.
मग तेही गेलं.
यजमानच धरून बसला असेल, म्हणून त्याचा ड्रायव्हर उपटला.
यूएसबीचा कंट्रोलर बदलला, एकाचा दोन केला.
गाळणी लावली: या क्रमांकाचं जे येईल
त्याला थेट आत सोड, दारात चौकशी नको.
दिवा लागला. आत गेलं.
सहा सेकंद.
पुन्हा बाहेर.
दर वेळी सहाच. मी मोजले.

बाकावर माणसं खोळंबलेली.
लामझिरानं दार उघडून हाक मारली,
"एरमालो गोगुआद्झे!"
कोणी उठेना.
"एरमालो!"
खिडकीखाली एक म्हातारा आपली टोपी न्याहाळत होता.
त्याची नात म्हणाली, "ऐकू येत नाही म्हणून नाही हो,
म्हणजे, तेही आहेच,
पण ते नाव फक्त कागदावरचं.
चियातुराच्या खाणीत उतरले त्या दिवसापासून ते कुकुरी.
आजीसुद्धा कुकुरीच म्हणायची."
आणि तिनं त्याच्या खांद्यावर दोनदा टिचकी मारली.

मी यजमानाची नोंदवही उघडली,
शेवटून वर वाचत गेलो.
यंत्र आलं, एक क्रमांक.
सहा सेकंदांनी तेच यंत्र, तीच केबल, तेच भोक,
शेवटचे दोन आकडे वेगळे.
पोटात प्रोग्राम भरला की ते जागं होतं
आणि जागं झालं की दुसरं नाव सांगतं.
माझ्या गाळणीला झोपेतलंच नाव ठाऊक.

खाली दुसरी ओळ लिहिली.
दिसलं.

"एवढंच होतं, तर सकाळपासून काय करत होतास?"
लामझिरा म्हणाली, आणि गार झालेली खाचापुरी पुढे सरकवली.

कुकुरीला काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की हात वर, नातीनं खुणेनं सांगितलं.
चार हजार हर्ट्झ, उजवा कान.
तीस. पन्नास. सत्तर.
हात गुडघ्यावर. नखांत अजून काळं,
की मलाच तसं वाटलं.
नव्वदला एक बोट हललं, अर्धवट,
दारात कोणी आलंय की वारा आहे, तसं.

मी पुढचा आकडा लावत होतो
आणि त्यानं हात वर केला,
सरळ, छताकडे, शंभर टक्के खात्रीनं.

मी अजून काहीच वाजवलं नव्हतं.

लामझिराचं पेन कागदावर थांबलं.
काचेपलीकडून तो विचारत होता,
बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं,
"आत्ता आला ना?"